रात्री एक पन्नासची बारी

पहिला दिवस : श्रीगंगानगर

दिल्लीहून रात्री निघालेली गाडी धुक्यात थांबत थांबत साडेतीन तास उशिरा श्रीगंगानगरला पोचली. जानेवारीचा पहिला आठवडा. विदर्भातल्या वरूडकडे या दिवसांत आमची संत्र्याची झाडं ताणावर असतात. आंबिया बहाराची फुलं नीट फुटावीत म्हणून पाणी तोडलेलं असतं, पानं मलूल होईपर्यंत झाडाला उपाशी ठेवायचं असतं. त्यामुळे शेतकऱ्याला घर सोडता येतं ते याच दिवसांत. किन्नो, म्हणजे उत्तरेकडचं संत्र्यासारखं फळ, पिकतो ती जमीन एकदा डोळ्यांनी पाहायची, हे बरीच वर्षं मनात होतं. दिल्लीच्या बाजारात आमच्या संत्र्यासमोर तोच उभा असतो.

नागपूरच्या मंडीत ओळख झालेले एक सरदारजी स्टेशनवर घ्यायला आले होते. साठीच्या पुढचे, अंगावर घोंगडीसारखी जाड लोई. गाडीत बसताना त्यांनी ड्रायव्हरला ओळख करून दिली, "महाराष्ट्रातून आलेत, हुजूर साहिबच्या बाजूचे." नांदेड आमच्या गावापासून चांगलंच लांब आहे, पण मी दुरुस्ती केली नाही. इथून नांदेडला थेट रेल्वे जाते, आणि बहुतेक शीख घरांतलं कुणी ना कुणी तिथे माथा टेकून आलेलं असतं. पुढचे पाच दिवस मी सगळ्यांसाठी हुजूर साहिबकडचाच होतो, आणि त्या नात्यानं मला प्रत्येक घरी पहिला पेला दुधाचा मिळाला.

शहर सरळ रेघांचं आहे. शंभर वर्षांपूर्वी इथे रामनगर नावाची छोटी वस्ती होती, भोवती वाळू. बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सतलजचं पाणी आणलं आणि वस्तीला त्यांचं नाव मिळालं. गझलगायक जगजित सिंह याच गावात 1941 साली जन्मले, हे मला चहावाल्यानं सांगितलं. ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं सांगितलं.

दुपारी किन्नोच्या वॅक्सिंग प्लँटवर गेलो. फळं पाण्यातून धुऊन निघतात, ब्रशांखालून जातात, मेणाचा पातळ थर घेतात, गरम हवेत सुकतात आणि आकाराप्रमाणे आपापल्या खणात घरंगळतात. एक फळ उचलून सोललं. साल घट्ट चिकटलेली, आपल्या नागपुरीसारखी सैल नाही. बिया भरपूर. पण रस असा की बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला. किंग आणि विलोलीफ या दोन जातींचा हा संकर कॅलिफोर्नियात फ्रॉस्ट नावाच्या शास्त्रज्ञानं केला, 1935 साली तो लागवडीसाठी बाहेर आला, आणि दोन्ही नावांचे तुकडे जोडून किन्नो झाला. पुढे पंजाबात आला, अबोहरला रुजला आणि तिथून इकडे पसरला. सरदारजींनी विचारलं, "तुमचं कलम कशावर?" मी म्हटलं, जंबेरीवर. ते हसले. त्यांच्या जट्टी खट्टी या खुंटाचं आणि आमच्या जंबेरीचं कूळ एकच. बाराशे-तेराशे किलोमीटरांवर मुळं तीच, हे कळल्यावर मला त्या झाडांबद्दल वेगळीच माया वाटायला लागली.

बांगलादेशनं आयातशुल्क वाढवल्यापासून दोघांचंही दुखणं तेच. त्यावर आम्ही तासभर बोललो. वरूडच्या कट्ट्यावर होतं तेच बोलणं, फक्त पंजाबीत.

दुसरा दिवस : चकात

सरदारजींचं शेत शहरापासून तासाभराच्या अंतरावर, एका चकात, म्हणजे कालव्याच्या पाण्यावर वसलेल्या गावात. इथे गावांना नावं नाहीत, आकडे आहेत. 24 जीबी, 5 झेड, 18 बीबी. अक्षरं सांगतात पाणी कोणत्या वितरिकेवरून, म्हणजे कालव्याच्या फाट्यावरून, येतं, आकडा सांगतो त्यावरचा कितवा चक. लग्नाच्या पत्रिकेवरही असंच छापलेलं असतं. मला आधी ते रुक्ष वाटलं. पण दोन दिवसांत लक्षात आलं की ज्या जागी पाण्याआधी गावच नव्हतं, तिथे गावाचं नाव पाण्याच्या पत्त्यावरूनच पडणार.

जमीनही तशीच चौकोनी कापलेली. 25 बिघ्यांचा एक मुरब्बा, म्हणजे सव्वासहा हेक्टरांच्या आसपास. प्रत्येक बाजू 825 फूट. बांध वाकडा नाही, धुऱ्यावरून भांडण नाही. आमच्याकडे दोन भावांच्या वाटण्यांत एक लिंबाचं झाड कुणाच्या बाजूला, यावर कोर्टात तारखा पडतात. इथे मुरब्ब्याच्या कोपऱ्याचा दगड वर्षानुवर्षं तिथेच आहे.

सरदारजींचे आजोबा पंजाबातून आले ते 1927 नंतर, बैलगाडीनं. गंग कालव्याची कोनशिला 5 डिसेंबर 1925 रोजी फिरोजपूरला बसली आणि 26 ऑक्टोबर 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते पाणी सोडलं गेलं. दोन वर्षांत हुसैनीवाल्यापासून शिवपूरपर्यंत सुमारे 129 किलोमीटर, तेही चुन्याच्या काँक्रिटचं अस्तर लावून, म्हणजे पाणी वाळूत जिरू नये. या सगळ्यामागे छप्पनिया काळ होता. विक्रम संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा दुष्काळ. गंगासिंह तेव्हा विशीतही नव्हते. त्या काळाच्या आठवणी बागडी, म्हणजे इथल्या जुन्या राजस्थानी, घरांतल्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात, झाडांच्या साली कुटून खाल्ल्याच्या. पुढे 1920 मध्ये पंजाब, बहावलपूर आणि बिकानेर यांच्यात सतलजच्या पाण्याचा करार झाला आणि नदीपासून दूर असलेल्या वाळवंटी संस्थानाला वाटा मिळाला.

शेतात गहू गुडघ्याखाली, पलीकडे मोहरी पिवळीधमक. बांधाशी नरम्याच्या काड्यांचे ढीग. अमेरिकन कापसाला इथे नरमा म्हणतात आणि वाळलेल्या झाडाला बनछटी. आमची पऱ्हाटी. मी एक वाळकं बोंड फोडलं. आतल्या सरकीत गुलाबी अळीचं भोक. 2023 साली या भागात गुलाबी बोंडअळीनं नरमा उभाच्या उभा बसवला. आम्ही ते 2017 मध्ये भोगलंय. बनछटीचे ढीग शेतात ठेवू नका, अळी त्यातच राहते, असं इथेही सांगतात. पण चूल त्याच्यावरच पेटते, मग ढीग कुठे न्यायचा? मला या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं, आमच्याकडेही ते कुणाकडे नाही.

रात्री जेवताना मक्याची भाकरी, मोहरीच्या पाल्याचं साग, गूळ. बीबीजींनी तुपाचा चमचा तीनदा फिरवला. मग सरदारजी म्हणाले, "झोपा. आज आपली बारी आहे, एक पन्नासला."

ही बारी, म्हणजे पाण्याची पाळी, पाहण्यासाठीच मी आलो होतो, असं आता वाटतं.

आठवड्याचे 168 तास. चकाच्या मोघ्यातून, म्हणजे वितरिकेला बसवलेल्या ठरावीक मापाच्या तोंडातून, जेवढं पाणी येतं ते सगळं एका वेळी एकाच शेतकऱ्याचं. त्याच्या जमिनीच्या प्रमाणात मिनिटं ठरलेली. सरदारजींच्या चकात बिघ्याला दहा मिनिटं पडतात. या बाजूच्या 25 बिघ्यांना 4 तास 10 मिनिटं. रिकामा खाळा, म्हणजे शेतांपर्यंतचा पाट, भरून घ्यायला लागणारा वेळ ज्याच्या वाट्याला येतो त्याला जादा मिनिटं देतात, ती भराई. शेवटच्याला खाळ्यात उरलेलं पाणी फुकट मिळतं, म्हणून त्याची मिनिटं कापतात. हे सगळं कागदावर, प्रत्येकाच्या नावासमोर. पाळीच्या या पद्धतीत, वाराबंदीत, दरवर्षी वेळापत्रक बारा तासांनी सरकवतात, म्हणजे कायम रात्रीच कुणी उभं राहत नाही.

दीड वाजता उठलो. धुकं इतकं की बॅटरीचा उजेड हातभर जाऊन संपत होता. सरदारजी, त्यांचा मुलगा आणि एक कामकरी. खांद्यावर कस्सी, आमच्या फावड्याची मोठी बहीण. खाळ्याच्या कडेनं चालताना पाणी दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. नाक्यावर, म्हणजे खाळ्यातून शेतात पाणी वळवायच्या तोंडावर, आधीच्या बारीवाला उभा होता, डोक्यापासून घोंगडीत. कुणी बोललं नाही. मुलानं मोबाइल काढला, त्यानंही काढला. दोन्ही पडद्यांवर 1:49. आम्ही ते एक मिनिट तसेच उभे राहिलो. आकडा बदलला आणि त्या माणसानं स्वतःच्या हातानं आपला नाका बांधायला सुरुवात केली. ओल्या मातीचे चार ढेकूळ, वर एक पोतं, पायानं दाबून. सरदारजींच्या मुलानं आमचा फोडला. पाणी क्षणभर अडलं, मग वळलं. अंधारात त्याचा आवाज बदलल्याचं स्पष्ट कळलं.

"वाहेगुरू," तो माणूस म्हणाला आणि धुक्यात निघून गेला.

मी तिथेच बराच वेळ उभा होतो. आमच्या शिवारात हजार फूट खोल बोअर गेलेत. शेजाऱ्यानं नऊशेवर नेला की आपण हजारावर. कुणाचं पाणी कुणी ओढलं हे जमिनीखाली दिसत नाही, म्हणून कुणी कुणाला विचारत नाही. माझ्या वडिलांनी लावलेली चारशे झाडं एका उन्हाळ्यात वाळली, त्याच उन्हाळ्यात शेजारच्या मळ्यात नवं मशीन लागलं होतं. पाऊस आमच्याकडे इथल्या तिपटीहून जास्त पडतो. आणि इथे एक माणूस कडाक्याच्या थंडीत आपल्या गव्हाच्या तोंडचं पाणी स्वतः बांधून देतो, कारण घड्याळात 1:50 झाले.

सकाळी सहाला आमची बारी संपली. पुढचा माणूस पाच मिनिटं आधीच येऊन उभा होता.

तिसरा दिवस : शिवपूर हेड आणि हिंदूमलकोट

इथल्या लोकांना मी रात्रीबद्दल भारावून बोलायला लागलो की ते मला थांबवत. पाणी कालव्यात असेल तर बारी. वितरिका आळीपाळीनं चालतात. ज्या आठवड्यात तुमची बंद, त्या आठवड्यातली बारी गेली. त्याला म्हणतात "बारी पिट गई". एक पिटली तर गहू सोसतो, दोन पिटल्या तर दाणा बारीक, तीन पिटल्या की लोक ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर येतात. 2004 मध्ये घडसाना आणि रावला भागात पाण्यासाठी मोठं आंदोलन झालं, गोळीबारात शेतकरी मेले. ती गोष्ट कुणी मोठ्या आवाजात सांगत नाही. टेलवरचे, म्हणजे कालव्याच्या शेवटाला असलेले, सगळ्यात जास्त गप्प असतात.

म्हणून आता बहुतेक शेतांत डिग्गी दिसते. पाणी साठवायचा मोठा चौकोनी हौद. बारीचं पाणी त्यात घ्यायचं आणि किन्नोला ठिबकनं द्यायचं. किन्नोला आमच्यासारखा ताण द्यावा लागत नाही, थंडीच त्याला विश्रांती देते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तो आपसूक फुलतो.

शिवपूर हेडवर कालव्याचं पाणी दारांमधून पुढे फुटतं. 1927 साली पाणी सोडण्याचा समारंभ झाला तो इथे. पाण्याचा रंग मात्र मला आवडला नाही. लुधियान्याचा बुढ्ढा नाला सतलजला मिळतो, कारखान्यांचं सांडपाणी घेऊन. कालवा दुरुस्तीसाठी बंद ठेवून परत सोडला की पहिलं पाणी कधी कधी काळं येतं. आणि हेच पाणी डिग्ग्यांमधून माणसं पितात. भटिंड्याहून बिकानेरला उपचारांसाठी जाणाऱ्या रुग्णांनी भरलेल्या गाडीला लोकांनी कॅन्सर ट्रेन नाव दिलं, ते उगाच नाही. बीबीजींच्या धाकट्या बहिणीनं त्या गाडीनं चार फेऱ्या केल्या होत्या. पाचवी करावी लागली नाही, असं त्या म्हणाल्या, आणि चुलीकडे वळल्या.

दुपारनंतर हिंदूमलकोट. बिकानेरचे दिवाण हिंदूमल यांच्या नावाचं गाव. फाळणीआधी भटिंड्याहून समासट्ट्याकडे जाणारी रेल्वे इथून पुढे बहावलनगरला जात असे. आता इथून पुढे रूळ नाहीत. कुंपणापर्यंत मोहरी आहे. कुंपण, त्यामागे थोडं मोकळं, आणि पलीकडे धुक्यात तशीच मोहरी. तिकडचं पाणीही सतलजच्याच कालव्यांचं. फाळणीच्या वेळी फिरोजपूरचं हेडवर्क्स, म्हणजे कालव्यात पाणी सोडणारा बंधारा, कुणाकडे जाणार, यावर या सगळ्या चकांचं जगणं अवलंबून होतं. बिकानेरनं ते भारतात राहावं म्हणून जिवाचं रान केलं होतं.

सीमेलगतच्या पट्ट्यात रात्री वावरायला निर्बंध असतात. रात्रीची बारी असली तर शेतकऱ्याला आधी परवानगी घ्यावी लागते. मला आदल्या रात्रीचा तो नाका आठवला. त्याच वेळी इथे कुणीतरी हातात कागद घेऊन, कुंपणावरच्या दिव्यांच्या पिवळ्या उजेडात आपला गहू भिजवत असेल.

करणपूरजवळच्या नग्गीला जायचं होतं, 1971 ची शस्त्रसंधी झाल्यानंतर तिथल्या वाळूच्या टेकडीसाठी झालेल्या लढाईत लष्कराच्या 4 पॅरा पलटणीचे 21 जण पडले, त्यांचं स्मारक आहे. पोचेपर्यंत अंधारलं. पाच मिनिटं हात जोडून उभा राहिलो.

चौथा दिवस : सूरतगडकडे

हा दिवस बराचसा रस्त्यातच गेला. सूरतगडचं केंद्रीय कृषी फार्म बाहेरून पाहिलं. 15 ऑगस्ट 1956 ला सुरू झालेलं, सोव्हिएत रशियानं भेट दिलेल्या यंत्रांवर. वाटेत इंदिरा गांधी कालवा ओलांडला. सतलज आणि बियास जिथे मिळतात त्या हरिके बराजपासून निघून 204 किलोमीटरचा फीडर आणि 445 किलोमीटरचा मुख्य कालवा, थेट जैसलमेर जिल्ह्यातल्या मोहनगडपर्यंत. कल्पना बिकानेर संस्थानचे अभियंता कंवर सेन यांची, 1948 ची. पुलावर उभं राहिलं तर कालवा नव्हे, नदीच वाटते.

बडोपलला मात्र थांबलो. तिथे सेम आहे. जमिनीखाली जिप्समचा कडक थर, वरून वर्षानुवर्षं मोकाट पाणी, शिवाय घग्गरचा पूर सखल जागांत साठवलेला. पाणी खाली जाईना, वर आलं, क्षार घेऊन. शेतं पांढरी पडली. कमरेइतक्या पाण्यात वाळलेली कीकरं, म्हणजे बाभळी, उभी आहेत, एका घराची फक्त भिंत आणि चुलीचा कोनाडा उरलाय. कोनाड्यावरची काजळी अजून काळी आहे. आता त्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि लोक कॅमेरे घेऊन येतात. मी पक्षी पाहिले. पण नजर त्या कोनाड्याकडेच जात राहिली. आमच्याकडे पाणी खाली गेलं म्हणून माणसं उठली, इथे ते वर आलं म्हणून.

पाचवा दिवस : कालीबंगा

हनुमानगड जिल्ह्यात, घग्गरच्या कोरड्या पात्राच्या काठी मातीचे ढिगारे. काळ्या बांगड्यांचे तुकडे सापडले म्हणून कालीबंगा. 1960 च्या दशकात बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांनी इथे खोदकाम केलं आणि हडप्पापूर्व काळातलं नांगरलेलं शेत सापडलं. जवळपास पावणेपाच हजार वर्षांपूर्वीचं. एका दिशेनं सरी सुमारे 30 सेंटिमीटरांवर, दुसऱ्या दिशेनं आडव्या सऱ्या जवळपास दोन मीटरांवर. खोदकाम करणाऱ्यांना दिसलं की शेजारच्या गावात शेतकरी अजून तसंच पेरतात, जवळच्या ओळींत हरभरा आणि लांबच्या ओळींत मोहरी.

ते शेत आता मातीखाली झाकलेलं आहे, संग्रहालयात छायाचित्रं आहेत. मी बाहेर येऊन पहारेकऱ्याला विचारलं, इथे आता पाणी कुठून येतं? "नहर से," तो म्हणाला. जुनी नदी पावसाळ्यात आली तर येते. अनूपगडकडे बिंजोरजवळ असंच एक हडप्पाकालीन ठाणं उकरलं गेलंय, त्याचं नाव 4 एमएसआर. चकाचा नंबर. हजारो वर्षं जुन्या वस्तीला आज ओळख मिळाली ती कालव्याच्या पत्त्यानं.

संध्याकाळी सरदारजींनी स्टेशनवर सोडलं. किन्नोची एक पेटी, गाजराच्या हलव्याचा डबा आणि मी मागून घेतलेला एक कागद, त्यांच्या चकाच्या बाऱ्यांची झेरॉक्स. "तिथे कालवा कुठे आहे तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं. बोअर आहेत. ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "मग आधी एकत्र बसावं लागेल," म्हणाले.

गाडी सुटल्यावर वहीच्या मागच्या पानावर आमच्या नाल्याकाठची घरं लिहिली. पाच घरं, अकरा बोअर, त्यातल्या एप्रिलमध्ये पाणी राहतं अशा तीनच. 37 एकर संत्रा. 168 तास भागिले 37. आमच्यात आणि शेजाऱ्यात आठ वर्षं बोलणं नाही, तरी त्याचं नाव दुसऱ्या क्रमांकावर लिहिलं, कारण चालू बोअरपैकी एक त्याच्याकडेच आहे.

अबोहरला रेंज आली तेव्हा धाकट्या भावाला फोन लावला.

"लिहून घे," म्हटलं. "एकरी साडेचार तास."

"कायचे साडेचार तास, दादा?"

"लिहून तर घे."